ह्या पेटयेत नुसतो वारो आसा

डब्लिन, ३ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की बाबा "घे, आवशीवांगडा बोल" म्हणून फोन सोडतात, म्हणून लिहायला बसले. आई, हे तू मोठ्याने वाच. बाबांचा चष्मा सापडत नसणारच.

बाबा, आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं. यंदा चतुर्थीला तुम्ही पेटीवर बसणार नाही म्हणालात. सोनू आणि त्याचे मित्र कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आणणार हे कळल्यावर "ह्यां भजन न्हय, ऑर्केस्ट्रा आसा" म्हणालात, आणि पेटीला खोळ घालून ती माळ्यावर चढवलीत. चाळीस वर्षं वाडीतल्या प्रत्येक घरच्या गणपतीपुढे जी पेटी वाजली, ती माळ्यावर. आई म्हणाली, दोन दिवस तुम्ही जेवताना एक अक्षर बोलला नाहीत. यावर तुम्हाला समजावण्याइतकी अक्कल मला नाही. इथली एक गोष्ट सांगते.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मागच्या रविवारी दुपारी ते मला एका पबमध्ये घेऊन गेले. आई, पब म्हटल्यावर तोंड वाकडं करू नकोस, मी चहाच घेतला. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसं वाद्यं घेऊन बसली होती. फिडल म्हणजे व्हायोलिनच, बासरी, बोधरान नावाची आपल्या डफासारखी डफली, आणि लांब दांड्याचं एक तंतुवाद्य. स्टेज नाही, माईक नाही, समोर कागद नाही. एकजण चाल सुरू करतो, बाकीचे हळूहळू येऊन मिळतात, तीच चाल दोनतीनदा फिरते आणि मग कुणीतरी नुसती मान हलवून दुसरीत नेतो. जिग नावाच्या चालीत सहाचा झोका असतो. मी टेबलावर दादऱ्याचा ठेका धरला, तर बोधरानवाला माझ्याकडे बघून हसला. नवीन माणसाने न विचारता मध्ये घुसायचं नाही, हाही नियम. तुमच्या मंडळात झांज हातात घ्यायच्या आधी पोरांना वर्षभर टाळ्याच वाजवायला लावायचात, त्याची आठवण झाली.

मग बासरीवाल्याने एक कूच, म्हणजे सैन्याच्या चालण्याची धून, सुरू केली. ओ'नीलची कूच म्हणतात तिला, फार जुनी आहे. चार-पाच सूर झाले नाहीत तोच बारजवळ उभा असलेला एक जाडजूड माणूस तोंडाने "ड्यांव ड्यांव" करत हवेत गिटार वाजवायला लागला, आणि सगळे हसले. मला काहीच कळलं नाही. घरी आल्यावर आजोबांनी कपाटातून एक जुनी तबकडी काढून लावली. तीच कूच, पण इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर, खाली ड्रम दणाणतोय. बाबा, अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू.

या बँडचं नाव हॉर्सलिप्स. १९७० साली इथे डब्लिनमध्येच सुरू झाला. त्यातले तिघं जाहिरात कंपनीत कामाला होते. एका बिअरच्या जाहिरातीत खोटाखोटा बँड दाखवायचा होता, म्हणून त्यांनाच उभं केलं. त्यांनी ओळखीतला आणखी एकजण पकडला, आणि सोंग करता करता त्यांना त्याची गोडी लागली. पुढे पाचजण झाले. बॅरी डेव्हलिन, एमन कार, जिम लॉकहार्ट, जॉनी फीन आणि चार्ल्स ओ'कॉनर. ओ'कॉनर मूळचा इंग्लंडातला, पण फिडल, मँडोलिन, कॉन्सर्टिना सगळं त्याच्याकडे. लॉकहार्ट बासरीही वाजवायचा आणि कीबोर्डही. बाबा, एकच माणूस दोन्ही वाजवत होता, हे ध्यानात ठेवा.

पहिली तबकडी १९७२ची. टिपररी परगण्यातल्या एका जुन्या वाड्यात त्यांनी ती केली. रोलिंग स्टोन्स या विलायती बँडचा गाडीवर बसवलेला स्टुडिओ होता, तो भाड्याने आणून दारात उभा केला. कव्हर कॉन्सर्टिनाच्या आकाराचं, उघडलं की भात्यासारखं उलगडणारं. कॉन्सर्टिना म्हणजे आपल्या पेटीची हातात मावणारी धाकटी बहीणच, भाता दाबून वाजणारी. आजोबांकडे ते कव्हर अजून आहे, कडा झिजलेल्या.

ती कूच मात्र दुसऱ्या वर्षीच्या, १९७३च्या 'द टॉइन' या तबकडीतली. आई, ही तुझ्यासाठी. टॉइन ही इथली फार जुनी वीरकथा. राणी मेव्ह आणि तिचा नवरा आलिल रात्री अंथरुणावर पडून भांडतायत की आपल्या दोघांत श्रीमंत कोण. मग भांडीकुंडी, दागिने, मेंढरं, घोडे, सगळं मोजायला काढतात. सगळं बरोबरीचं निघतं, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. झालं! तिला तसाच बैल हवा, आणि तो उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात दुसऱ्याच्या गोठ्यात. त्यापायी युद्ध. तुझी आणि काकूची पितळेच्या घंगाळावरून झालेली लढाई मला आठवलीच. आणखी ऐक. अल्स्टरच्या पुरुषांना एका बाईचा शाप असतो की ऐन संकटात त्यांना बाळंतकळा येतील. सगळे वीर कळा देत पडलेले, आणि कू हुलिन नावाचा एक कोवळा पोरगा एकटा सीमा राखतोय. ज्या गाण्यात ती कूच गिटारवर येते ते या कू हुलिनचं.

आता आजोबांची गोष्ट. त्यांचे वडील गावात बटणांचा अकॉर्डियन वाजवायचे, लग्नात, जत्रेत, मयताच्या रात्रीसुद्धा. हॉर्सलिप्स गावोगावच्या नाचाच्या हॉलमधून वाजवत फिरायचे तेव्हा आजोबा सतरा-अठरा वर्षांचे. वडिलांनी बजावलं, त्या केसाळांना ऐकायला गेलास तर रात्री दार उघडणार नाही. हे गेले. दार खरंच उघडलं नाही, रात्र गवताच्या गंजीत काढली. वर्षभराने त्यांनी हीच तबकडी घरी आणून हळू आवाजात लावली, तर स्वयंपाकघरातून वडिलांचा आवाज आला, "ही ओ'नीलची चाल. पण एवढी घाई कसली?" एवढंच. पण ते आत येऊन बसले, आणि गाणं संपल्यावर अकॉर्डियन काढून त्यांनी ती चाल त्यांच्या लयीत वाजवून दाखवली. आजोबा म्हणतात, तोपर्यंत ती चाल घरात शंभरदा कानावर पडली असेल, पण नीट ऐकली ती त्या दिवशी.

बाबा, सोनूला देवाच्या रूपाच्या अभंगाची ती 'रूपाची चाल' म्हणजे काय ते तुम्ही वाजवून दाखवल्याशिवाय कळणार कसं?

तुम्ही म्हणाल, जुनं ते जुनं. पण मी पबमध्ये त्या लांब दांड्याच्या वाद्याचं नाव विचारलं. बुझुकी. मला वाटलं शेकडो वर्षांपासूनचं आयरिश वाद्य असेल. ते निघालं ग्रीसचं! जॉनी मॉयनिहन नावाच्या गवयाने १९६०च्या दशकात ते इकडच्या संगीतात आणलं. आज ती इथल्या मैफलीत सर्रास दिसते. आणि ती डफली? शॉन ओ रिआडा म्हणून एक मोठा संगीतकार होता, त्याने तिला त्याच दशकात मैफलीच्या मंचावर आणून बसवलं. तोवर ती सणासुदीला रस्त्यात वाजायची.

आणि आता पेटी. तुम्हाला हे माझ्या तोंडून आवडणार नाही, पण पेटी आपली कुठे होती? फ्रान्समध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं. मांडी घालून बसून वाजवता येईल अशी हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी बनवली. पेटीत मींड येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि सुरांमधल्या बारीक श्रुती लागत नाहीत म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, आणि ती १९७१पर्यंत टिकली. म्हणजे तुम्ही मिसरूड फुटल्यावर चोरून पेटीवर बोटं फिरवायला लागलात, तेव्हा सरकारी रेडिओच्या लेखी तुम्ही वाजवत होता ते वाद्यच बेसूर.

पणजोबांचं तर तुम्हीच सांगता. ते एकतारीवर भजन म्हणायचे. माझ्या आजोबांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, गिरणीतल्या पगारातून साठवून मुंबईहून पहिली पेटी आणली, तेव्हा पणजोबांनी भाता दोनदा हलवून बघितला आणि म्हणाले, "ह्या पेटयेत सूर नाय, नुसतो वारो आसा." हे सांगताना तुम्ही दर वेळी किती हसता! मग तेच वाक्य सोनूच्या कीबोर्डला लावताना तुम्हाला हसू कसं नाही आलं?

पण बाबा, मी सगळी सोनूच्या बाजूने नाही. हॉर्सलिप्सच्या पुढच्या तबकड्याही मी ऐकल्या. १९७६ची 'बुक ऑफ इन्व्हेजन्स' फार सुंदर आहे, जुन्या चाली आणि गिटार एकमेकांत अशा विणल्यात की उसवता येत नाहीत. नंतर त्यांना अमेरिका दिसायला लागली. १९७८ची 'द मॅन हू बिल्ट अमेरिका' तिकडच्या रेडिओवर वाजली. विषयही चांगला, घरदार सोडून गेलेल्या आयरिश माणसांचा. माझ्यासारख्या चाकरमानी मुलीला तो भिडायला हवा होता. पण फिडल मागे गेलंय, बासरी शोधावी लागते. कुठलाही बँड असावा तसा आवाज. माझ्या कानाला ते रुचलं नाही. शेजारच्या आजोबांनाही नाही, पण ते माझ्यापेक्षा जास्त भांडतात त्यावरून.

१२ ऑक्टोबर १९८०ला बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटी ओ'कॉनरने आपलं फिडल लोकांमध्ये भिरकावून दिलं. हे वाचताना आई थांबेल आणि तुम्ही "शिव शिव" म्हणाल, मला इथून ऐकू येतंय. वाद्याला चुकून पाय लागला तरी तुम्ही नमस्कार करायला लावता. मीही आजोबांना म्हटलं, असं कसं केलं? ते म्हणाले, दहा वर्षांत त्या फिडलचं काय झालं होतं ते त्यालाच माहीत.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९९०ला आयर्लंडचा फुटबॉल संघ पहिल्यांदा विश्वचषकाला गेला, तेव्हाच्या गाण्यात तीच गिटारची कूच. बारजवळचा तो जाडजूड माणूस तिथूनच शिकलेला. अख्ख्या देशाला ओ'नीलची चाल पाठ झाली, कुणाची ते न कळता. आणि २००४ साली डेरी शहरात चाहत्यांनी या बँडच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, तिथे हे पाचही जण चोवीस वर्षांनी एकत्र वाजवायला बसले. मग तबकडी केली 'रोल बॅक'. त्यात त्यांनी आपलीच जुनी गाणी दणदणाट काढून, साध्या वाद्यांवर पुन्हा बसवली. ही मला सगळ्यांत आवडली. आता जॉनी फीन नाही, २०२३मध्ये गेला.

सोनूला मी परवा फोन केला आणि चांगला झापला. विचारलं, काळी चार पट्टीत गाता येतं का? म्हणाला, ताई, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, दाबलं की पट्टी बदलते. म्हटलं, गळ्याला आहे का बटण? गप्प बसला. मग बिचारा हळूच म्हणाला, "बुवाच बसणार नसतील तर आम्ही तरी काय करू? बाकीच्यांना गजर कुठे सोडायचा तेच कळत नाही." हे त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याची हिंमत होत नाही, तुम्ही ओटीवर असलात की तो मागच्या दाराने जातो.

तेव्हा मी त्याला सांगितलंय की गुरुवारी दिवेलागणीला कीबोर्ड न घेता यायचं. माळ्यावरून पेटी तोच उतरवेल, तुम्ही शिडीवर चढू नका, गुडघा बघा. मी बोलले हे त्याला कळू देऊ नका. ऑक्टोपॅडचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर नमनाला आणि रूपाच्या अभंगाला नको, शेवटच्या गजराला चालेल, आणि पखवाजाच्या वर आवाज जाता कामा नये. पण माझं कोण ऐकतंय.

त्याच्या फोनवर मी दोन गाणी पाठवलीत. आधी पबमधली कूच, मग गिटारवाली. याच क्रमाने ऐका. दुसऱ्याला आवाज कमी ठेवा, नाहीतर शेजारची गुरं दावं तोडतील.

आई, कोकमं संपत आली. मुंबईहून कुणी येत असेल तर थोडी दे, आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या सकाळच्याच ना? परवा फोनवर तू रात्रीच्या म्हणालीस.

यंदाही मला रजा नाही. पहिल्या रात्रीच्या भजनाला सोनूला फोन चालू ठेवायला सांगा, आणि तो पेटीजवळ ठेवा. मागच्या वर्षी कुणीतरी पखवाजाशेजारी ठेवला होता, तीन तास मला पखवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही.

तुमची,
बाय