ब्रॉडवे सापडेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकवस्तीवरचं पान वाचलं. सोमवारी पुन्हा वाचलं, कारण आदल्या दिवशी वाटलं होतं की चष्म्याचा नंबर वाढला असावा. नंबर तोच आहे.

‘ब्रॉडवे या रुंद रस्त्याच्या दुतर्फा ४१ नाट्यगृहं दिमाखात उभी आहेत,’ असं आपले लेखक लिहितात. दुतर्फा! साहेब, या एका ‘दुतर्फा’पायी मी आणि सौ.नं २०१८च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये पाऊण तास पायपीट केली आहे. तेव्हाही असंच कुठल्याशा पुरवणीत वाचून गेलो होतो. (ती आपलीच असेल असं म्हणत नाही. नसेलच असंही म्हणत नाही.)

लेकीनं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीत नाटकाची तिकिटं काढून दिली होती. तिला ऑफिस, म्हणून आम्ही दोघंच निघालो. तिकिटावर ‘पश्चिम ४४वा रस्ता’ असा पत्ता छापलेला होता. पण मी म्हटलं, नाटक ब्रॉडवेचं, तर थिएटर ब्रॉडवेवरच असणार. सौ. म्हणाली, कुणाला तरी विचारा. मी विचारलं नाही, हे मान्य. ४२व्या रस्त्यापासून एका बाजूनं वर गेलो, दुसऱ्या बाजूनं खाली आलो. जाहिरातींचे डोळे दिपवणारे पडदे दिसले, कार्टूनचे पोशाख घालून फोटोचे पैसे मागणारे दिसले, ‘फँटम’च्या पांढऱ्या मुखवट्याचा हा भला मोठा फलकही दिसला. थिएटर काही दिसेना. शेवटी एका पोलिसाला तिकीट दाखवलं. त्यानं नुसतं बोट केलं. ती गल्ली आम्ही दोनदा ओलांडली होती.

नाशिककराला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. ‘कॉलेज रोडला राहतो’ म्हणणारे सगळे काय कॉलेज रोडवर राहतात? आत वळा, मग डावीकडे, मग गिरणीच्या मागे, तरी पत्ता कॉलेज रोडच! ब्रॉडवेचं तसंच आहे. खुद्द त्या रस्त्यावर थिएटरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी बहुतेक ४१व्या ते ५४व्या रस्त्यांदरम्यानच्या आडव्या गल्ल्यांत, एकमेकांना खेटून. एक तर पार वर, ६५व्या रस्त्याला आहे आणि तेही ब्रॉडवेच. कारण ब्रॉडवे ठरतं ते मुख्यतः खुर्च्यांवरून. ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्या असल्या तर ब्रॉडवे. १०० ते ४९९ असल्या की ‘ऑफ ब्रॉडवे’, मग ते थिएटर ब्रॉडवेच्या तोंडाशी का असेना. आपल्या पानभर मजकुरात हे कुठंही नाही. फोटो मात्र तीन आहेत आणि तिन्ही रात्रीच्या दिव्यांचे.

असो. आम्ही पोचलो तेव्हा ८ वाजून ६ मिनिटं झाली होती. दार बंद. दारावरच्या बाईंनी अतिशय गोड हसून अडवलं. खेळ सुरू झालाय, सोयीची जागा आली की आत सोडू, म्हणाल्या. ज्यांनी हे नाटक पाहिलंय त्यांना मी काय गमावलं ते कळेल. सुरुवातीला जुन्या सामानाचा लिलाव चालतो, त्यात एक मोडकं झुंबर निघतं, आणि एकदम ऑर्गन कडाडतो आणि ते झुंबर उजळून प्रेक्षकांच्या डोक्यावरून छताकडे चढत जातं. हे सगळं मी नंतर लेकीकडून ऐकलं. आम्हाला बंद दाराआडून फक्त ऑर्गन मिळाला. सौ. दाराशी कान नेऊन म्हणाली, “अहो, ऑर्गन!” तिच्या माहेरी ऑर्गन होता. वडील हौशी मंडळींच्या ‘सौभद्र’ला साथीला बसत आणि तालमीच्या दिवसांत घरात झोपायची सोय नसे. परमुलखात, कोट घालून, बंद दारासमोर ती डोळे मिटून उभी राहिली. मी मात्र घड्याळ बघत होतो.

नंतर आत सोडलं. पहिल्या अंकाच्या शेवटी तेच झुंबर खाली येतं, ते पाहिलं. वर कसं गेलं ते न बघता खाली येताना बघण्यात काय मजा, ते आपल्या लेखकांना विचारा.

आणि आता ब्रॉडवेवर ते पुन्हा बघण्याचीही सोय नाही. जानेवारी १९८८मध्ये तिथं सुरू झालेलं हे नाटक १३,९८१ प्रयोग करून १६ एप्रिल २०२३ला बंद झालं. आपले लेखक मात्र लिहितात, ‘आजही तुफान गर्दीत सुरू.’ तिकिटं कुठं मिळतात तेवढं कळवावं. या वेळी दुपारीच जाऊन उभे राहू.

त्या दारावरच्या बाईंवर माझा राग नाही, हेही लिहितो. गेल्या वर्षी आपल्याच शहरातल्या एका नाट्यगृहात नाट्यगीतांचा कार्यक्रम सहाचा होता. दीपप्रज्वलन, शाली, नारळ, प्रायोजकांचं मनोगत, प्रायोजकांच्या वडिलांचं मनोगत. नांदी झाली सात वाजून पाच मिनिटांनी, आणि त्यानंतरही लोक मोबाइलचे दिवे पाजळत खुर्च्या शोधत होते.

आता लेखाचा शेवट. ‘आपली संगीत नाटकं रात्र-रात्र लांबत, म्हणून ती मेली.’ मग ब्रॉडवेच्या संगीत नाटकाची सुरुवात ज्यापासून धरतात, ते १८६६चं ‘द ब्लॅक क्रूक’ किती वेळ चालायचं? साडेपाच तास! तेही टाइम्स स्क्वेअरला नव्हे, कितीतरी खाली दक्षिणेला. नाटकवाल्यांची वस्ती हळूहळू वर सरकत त्या चौकात आली. चौकाचं मूळ नाव लाँगेकर स्क्वेअर. १९०४मध्ये तिथं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वर्तमानपत्राची नवी कचेरी उभी राहत होती आणि नाव बदललं. (आपल्या कचेरीसमोरच्या चौकाला अजून आपलं नाव दिलेलं नाही, हे या रविवारनंतर मला ठीक वाटतं.)

‘मराठी माणसानं अशी नाटकवस्ती कधी पाहिलीच नाही,’ हे दुसरं. मुंबईत १८४६मध्ये नाना शंकरशेटांच्या पुढाकारानं ग्रँट रोडला नाट्यगृह उभं राहिलं. पुढे त्या भागात इतकी थिएटरं झाली की ‘प्लेहाऊस’चं लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झालं. ते नाव अजून आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं १९२१चं ‘संयुक्त मानापमान’ मुंबईतच झालं ना? आणि नाशिकच्या आवृत्तीत संगीत नाटकावर पानभर छापायचं आणि वसंत कानेटकरांचं नाव एकदाही येऊ द्यायचं नाही? ‘मत्स्यगंधा’ लिहिणारा माणूस याच गावात राहत होता, साहेब. न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती.

कळावे,
एक जुना वर्गणीदार,
गंगापूर रोड (खरं तर आतल्या गल्लीत), नाशिक

ता. क. नाशिकच्या अंकात नाटकांच्या जाहिराती मुंबई-पुण्याच्याच का असतात? परवा दादरचा दुपारी चारचा प्रयोग छापला होता. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाईनही, पण परतीची गाडी संध्याकाळी सुटते. दुसरा अंक आपल्यापैकी कुणी बघून कळवणार आहे का?