सच्या, तुला एक विचारायचंय

सच्या,

सहा महिने तुझा एक मेसेज उघडला नाही, घाल शिव्या, हक्क आहे तुझा. तब्येत बरी, आईचे गुडघे होते तसेच.

यूकेला मास्टर्ससाठी अप्लाय करतोय. हो, नोकरीची सहा वर्षं झाल्यावर. हसून घे. आयईएलटीएस झालं, ओव्हरऑल ६.५ पाहिजे आणि एकाही बँडला ६ च्या खाली नको, मला रायटिंगला बरोब्बर ६, म्हणजे तू म्हणायचास तेच खरं. व्हिसासाठी पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून लागतात, माझा पगार २८ तास टिकत नाही. ते बघू.

अडलंय मार्कांवर. त्यांना टू-वन हवा, म्हणजे अप्पर सेकंड, मला वाटलं आपला हायर सेकंड म्हणजे तोच की! कसलं काय. तिकडे ६० ते ६९ ला टू-वन, ७० ला फर्स्ट, आणि आपल्या डिग्रीला जो तो आपापलं गणित लावतो, कुणी ५५ चालवतं, कुणी ६०, कुणी ६५. मला हव्या त्या कोर्सला ६०. माझे ५९.४. शिवाय सगळ्या मार्कशीट लावायच्या, त्यात गणिताची एम-थ्री उडालेली पण आली.

मेल केला तर म्हणे थोडं कमी असेल तर कामाचा अनुभव बघू, आणि काही कारण असेल तर पर्सनल स्टेटमेंटमध्ये लिहा. कारण! एम-थ्रीच्या आदल्या रात्री आपण कुठल्या बाकड्यावर बसलो होतो ते तुला माहितीय. घरी अजून वाटतं पिक्चरला गेलेलो, आणि तूही चारचौघांत तेच सांगत राहिलास. गोव्यात भांडलो ते त्यावरून, बिलावरून नाही. आणि मेल्या, त्याच बाकड्यावरून उठून तू ४० काढून सुटलास!

काकांचं नाव घालणार नाही, 'मित्राचे वडील आयसीयूत होते' एवढंच. तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं. तुझी रात्र आहे ती, न विचारता कशी लिहू.

रेफरन्सचं तर विचारूच नको, दोन लागतात, सर म्हणाले तूच लिहून आण मी सही करतो, आणि तिकडच्यांना कॉलेजच्याच ईमेलवरून हवंय, सर अजून याहूवर.

चिनूला दात आले का? फ्लॅटचा ताबा मिळाला? काकूंना नमस्कार सांग, हे सांगू नकोस.

रविवारपर्यंत कळव. नाही म्हणालास तरी चालेल, रायटिंगला ६ वाला माणूस दुसरं काहीतरी रचेल.

पक्या