रेंज फुल, फोन मात्र लागेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, फोन लागत नाही, अशी पत्रं दर जानेवारीत छापून येतात आणि उत्तरही ठरलेलं असतं : तात्पुरते टॉवर उभारू. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला माणूस. टॉवर किती, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. शोभेच्या दारूकामाच्या त्या तासात होम मैदानावरून किती फोन लावले गेले आणि किती लागलेच नाहीत, हे आधी विचारायला हवं.

मोबाइलवर दिसणाऱ्या दांड्या म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतोय, एवढंच. आत जागा आहे का, ते दांड्यांना ठाऊक नसतं.

जागेचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला असलेल्या एर्लांग या गणितज्ञाचं सूत्र १९१७ सालचं : लाइन किती आणि बोलणं किती यावरून किती कॉल परत जातील, ते सांगणारं. बोलण्याचं मापही त्याच्याच नावाचं : एक लाइन तासभर अडकली की एक एर्लांग. टू-जीच्या एका सेलचा, म्हणजे टॉवरवरून सांभाळल्या जाणाऱ्या एका टापूचा, हिशेब सांगतो, कारण तो कागदावर करता येतो. दोन कॅरियर, म्हणजे दोन रेडिओ वाटा, प्रत्येकी ८ टाइम स्लॉट, एकूण १६; एका स्लॉटमध्ये एक कॉल. त्यातले २ कंट्रोलला, म्हणजे कॉल जोडण्याच्या निरोपांना, गेले की बोलायला उरतात १४. शंभरात दोनच कॉल जागेअभावी परत जावेत, ही अट धरली तर हे १४ स्लॉट ८.२ एर्लांग पेलतात. तासाला साधारण ४९२ मिनिटांचं बोलणं. आता बोलणारे दुप्पट करा. परत जाणारे कॉल दोनाचे चार होतील असं कुणालाही वाटेल. होतात शंभरात जवळजवळ सत्तावीस!

ही झाली बोलण्याची जागा. कॉल जोडण्याचं काम वेगळंच असतं आणि यात्रेत गाडी अडते ती बहुतेक तिथं. समोरचा फोन कुठल्या भागात आहे ते शोधायचं, त्याला हाक द्यायची, ग्राहक खरा आहे का ते तपासायचं, मग वाट मोकळी करून द्यायची. तुम्ही अर्धा तास बोला की वीस सेकंद, ही खटपट तेवढीच. मिस्ड कॉललासुद्धा यातलं बरंचसं करावंच लागतं, आणि पैसे शून्य. म्हणून एक्स्चेंजची क्षमता सांगताना गर्दीच्या तासात कॉलचे किती प्रयत्न झेपतात, हा आकडा वेगळा द्यावा लागतो. वरची ४९२ मिनिटं दोन-दोन मिनिटांच्या कॉलनी भरली तर २४६ कॉल होतात. यात्रेत एवढं कोण बोलतं? मराठीत, कानडीत, तेलुगूत एकच प्रश्न : ‘कुठं हैस बे?’ वीस सेकंदांत विषय संपला. त्याच मिनिटांत १४७६ कॉल बसतात, म्हणजे जोडणीचं काम सहापट. त्यात ज्याचा लागला नाही तो लगेच पुन्हा लावतो. नंतर पुन्हा.

फोर-जीत असे ठरावीक स्लॉट नसतात हे खरं. पण तिथंही फोनला आधी टॉवरला हाक मारून आत शिरावं लागतं. एका सेलला अशा हाकांचे नमुने ६४. दोघांनी एकाच क्षणी एकच नमुना उचलला की टक्कर होते. जी हाक टॉवरला नीट ऐकूच गेली नाही, ती नापास कॉलच्या मोजणीत येणार कशी?

आमच्या एक्स्चेंजमध्ये जागेअभावी परत गेलेले कॉल मोजणारे ओव्हरफ्लो मीटर असायचे. तास सुरू होताना आकडा टिपायचा, संपताना टिपायचा, वजाबाकी करून रजिस्टरला चढवायची. किती लोक हात हलवत परत गेले, ते साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी दिसायचं. आज मशीन हे सारं आपोआप नोंदवते. बाहेर मात्र सरासरी येते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००९ च्या निकषांत जागेअभावी अडलेल्या कॉलचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं असं होतं, आणि मोजायचं गर्दीच्याच तासात. तो तास मात्र बऱ्याच दिवसांच्या आकड्यांवरून ठरवलेला, रोज त्याच वेळेचा. यात्रेतली एक रात्र त्यात कुठल्या कुठं विरून जाते. सरासरीच काढायची तर सोलापुरात दिवसांआड येणारं पाणीसुद्धा रोज येतं.

तेव्हा यात्रेच्या नियोजन बैठकीत प्रशासनानं कंपन्यांकडून एक कागद मागावा. होम मैदान, सिद्धेश्वर मंदिर आणि सम्मती कट्टा या भागातला प्रत्येक सेल. गेल्या वर्षीचा अक्षता सोहळ्याचा आणि दारूकामाचा तास. दर पंधरा मिनिटांना प्रयत्न किती, लागले किती, आणि अडले ते बोलण्याच्या जागेअभावी की जोडणीतच. हे आकडे कंपन्यांकडे असतात. तो कागद हातात आल्यावर टॉवर वाढवायचा, आहे त्याच टॉवरवर सेल वाढवायचे की मागची यंत्रणा, ते ठरवता येईल. पंढरपूरच्या आषाढीलाही हाच कागद उपयोगी पडेल. जिल्हा एकच आहे.

आपला,
दूरसंचार खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
सोलापूर