कारंजे नव्हे, कुंड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांतावरचा लेख आवडला, पण तिथल्या 'पवित्र कारंज्यां'शी आलो की दर वेळी अडखळत होतो. कारण ती कारंजी नव्हेतच. फ्रेंचमधला 'फोंतेन' हा शब्द शहराच्या चौकातल्या उडत्या पाण्यालाही चालतो आणि खेड्यातल्या दगडाने बांधून काढलेल्या झऱ्यालाही. ब्रेतान्यची ही देवस्थाने दुसऱ्या जातीची. आपल्याकडे त्याला सरळ कुंड म्हणतात.

मुलगी ब्रेस्तला नोकरीला आहे, म्हणून मागच्या उन्हाळ्यात दीड महिना तिकडे होतो. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर ल फोलगोएत आहे. गाव एवढेसे, चर्च मात्र मोठ्या शहराला शोभेल असे. सगळे लोक पुढच्या दाराने आत जातात. मी आधी मागे गेलो. पूर्वेच्या भिंतीला, मोठ्या खिडकीखाली, नक्षीदार कमानीचा कोनाडा आहे, त्यात मेरीची मूर्ती आणि पुढ्यात दगडी कुंड. पाणी येते ते आतल्या मुख्य वेदीच्या खालून. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत हेच आधी भरणार. पाया खणताना झरा लागला की आम्ही कपाळाला हात लावायचो; इथे मुद्दाम झऱ्यावरच वेदी बांधली आणि पाण्याला भिंतीबाहेर वाट करून दिली. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून कुंडात पडणारे पाणी पाहिलेल्यांना यात काही परके वाटणार नाही.

झरा आधीचा, चर्च नंतरचे. चौदाव्या शतकात या झऱ्याकाठी रानात सालाऊन नावाचा एक वेडा राहायचा. मुखी कायम 'आवे मारिया', म्हणजे मेरीची प्रार्थना. लेस्नेवेन गावात भीक मागताना एवढेच म्हणायचा, 'सालाऊन भाकर खाईल.' मिळालेला तुकडा झऱ्यात बुडवून खायचा, आणि ऐन थंडीत त्याच पाण्यात गळ्यापर्यंत उतरून बसायचा. मग बाहेर येऊन फांदीला लोंबकळत झोके. पोरे नक्कीच दगड मारत असतील. तो १३५८ मध्ये गेला. पुढे त्याच्या थडग्यावर लिली उगवली, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'आवे मारिया' उमटले होते, आणि उकरून पाहिले तर मूळ त्याच्या तोंडातून आलेले, अशी कथा आहे. 'फोलगोएत'चा अर्थच 'रानातला वेडा'. १३६५ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले, १४२३ पर्यंत चर्च उभे राहिले. १५०५ मध्ये फ्रान्सची राणी आन इथे दर्शनाला आली. राणी आली ती एका भिकाऱ्याच्या झऱ्यावर, हे मला फार आवडले.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च विकले गेले, नासधूस झाली. १८१० मध्ये परिसरातल्या बारा शेतकऱ्यांनी ते विकत घेतले, म्हणून आज उभे आहे. आत वेदीचा भाग वेगळा करणारा नक्षीदार दगडी पडदा केरसांतों नावाच्या करड्या दगडाचा. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, पुढे कडक होत जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे मोठी जत्रा भरते; तिला 'पार्दों' म्हणतात, म्हणजे क्षमा.

आणखी एक. लेखात पाण्यात नाणी टाकण्याची 'गंमत' आहे. ब्रेतान्यमध्ये संतांनी दुखणी वाटून घेतलेली असायची. कुणाचे पाणी डोळ्यांना, कुणाचे तापाला. आजारी मुलाचे अंगडे पाण्यावर टाकून ते तरंगते की बुडते हे आई बघत बसायची. लग्नाळू मुली टाचण्या टाकायच्या. त्या आईला कुणी गंमत म्हणून दाखवावे!

आणि लेखासोबतच्या छायाचित्रात पाणी चांगले पंधरा फूट उडते आहे. ते ब्रेतान्यचे असेल तर मी माझे म्हणणे मागे घेतो.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, वाई