डबा तसाच परत आला त्या दिवसाबद्दल

प्रिय चिऊ,

समोर बोलायला आले की तू दार लावून घेतेस, म्हणून लिहितेय. मंगळवारी तुझा डबा उघडला तर पोळ्या तशाच, भेंडी तशीच, आणि मैत्रिणींसाठी जास्तीचे दिलेले शंकरपाळेही तसेच. तेव्हाच कळायला हवं होतं मला. उलट ग्रुपमधून काढलं म्हणून तू रडलीस तर मी म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवर काय रडतेस. चुकलं माझं. सॉरी बाळा.

ती एवढीशी गोष्ट नसतेच. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, कॉम्प्युटरवर तिघांनी बॉल एकमेकांना द्यायचा साधा गेम, आणि मधेच दोघं तिसऱ्याला बॉल द्यायचंच बंद करतात. त्या तिसऱ्याच्या मेंदूचा स्कॅन पाहिला तर शरीराला दुखतं तेव्हा जो भाग जागा होतो तोच जागा झालेला. कॉलेजातली मुलं होती ती, आणि समोरचे दोघं तर खरे नव्हतेच, कॉम्प्युटर होता. तू तेरा वर्षांची, आणि तुला पाचवीपासून एका बेंचवर बसणाऱ्यांनी टाकलंय.

सुमनमावशी माहितीये ना, ती सातवीत माझ्याशी चार महिने बोलत नव्हती. मला स्कॉलरशिप मिळाली, तिला नाही, आणि मी वर्गात पेढे वाटत फिरले, तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. रोज रडायचे, आजीला सांगायचे पोटात दुखतंय. मग एकदा शाळेतून येताना तिच्या सायकलची चेन पडली, मी थांबले, दोघींनी मिळून चढवली, हात काळे कुळकुळीत. भांडणाचा विषय नाही काढला कुणीच, ती फक्त म्हणाली, उद्या येतेस का माझ्याबरोबर.

तुझ्या तिघीही अशाच परत येतील असं मी म्हणत नाही, एखादी नाही येणार. पण त्यातली जी एकटी भेटली की नीट बोलते ना, तिच्याशी ग्रुपवर नको, समोर जाऊन बोल. मनात येईल तेव्हा, घाई नाही. आणि रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर मला सांग, मला सांगायला नको वाटलं तर शाळेतल्या काउन्सेलर मॅडमना, किंवा १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी विचारणार नाही काय बोललीस.

शनिवारी सुमनमावशी येतेय. चेनची गोष्ट तिच्या तोंडून ऐक, ती म्हणते आधी मी नाही, तीच थांबली होती.

तुझी आई