‘राहून गेलेल्यां’पैकी एक

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात वधू-वर मेळाव्यांवरचा लेख वाचला. ‘लग्नाचं राहून गेलेल्यां’बद्दल त्यात बराच कळवळा होता. मी त्यांच्यातलीच. वय 56, राहणार भुसावळ, धर्माने कॅथलिक. कळवळा पोचला, पण ‘राहून गेलं’ हा शब्द टोचला, म्हणून हे पत्र.

भुसावळ हे रेल्वेचं गाव. आमच्यासारखी कितीतरी ख्रिस्ती घरं रेल्वेच्या नोकरीपायीच इथे आली. आमच्यात मुलगी मोठी झाली की लोक दोनच प्रश्न विचारतात : लग्न कधी, नाहीतर सिस्टर व्हायचंय का? मी सिस्टरांच्या मठात चार दिवस राहूनही आले. जीव रमला नाही. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, भाऊ नोकरीसाठी सुरतेला गेला, आलेली दोन स्थळं वाट पाहून परत गेली. म्हणजे सुरुवातीला मी काही ठरवलं नव्हतं, हे कबूल. वडील गेल्यावर दोन वर्षांनी एक चांगलं स्थळ आलं. बिजवर, पण माणूस सज्जन. आठ दिवस विचार केला आणि नको म्हणाले. तोवर परिस्थिती नको म्हणत होती. त्या दिवशी मी म्हणाले. माझ्या पाचारणाची तारीख विचाराल तर मी तीच सांगेन.

‘पाचारण’ हा आमच्या चर्चमधला शब्द, म्हणजे देवाचं बोलावणं. नुसतं अविवाहित असणं म्हणजे पाचारण असं मी म्हणत नाही. हेकटपणाने किंवा आळसानेही माणूस एकटा राहतो. पण संत पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, अविवाहिताला प्रभूच्या कामाची काळजी वाहता येते असं लिहिलंय, ते काही फक्त मठवासीयांसाठी नव्हे. त्याच्या काळी मठ होते कुठे? नेपल्सचे डॉक्टर ज्युझेप्पे मोस्काती ना फादर ना ब्रदर. गरिबांना फुकट तपासायचे, लग्न केलं नाही, 1927 साली वारले आणि 1987 मध्ये संत म्हणून जाहीर झाले. संसारी जगात राहून व्रत घेणाऱ्यांच्या संस्थांना पोप बारावे पायस यांनी 1947 सालीच मान्यता दिली. घरीच राहून, आपली नोकरी सांभाळून बिशपांच्या हस्ते कौमार्यव्रत घेण्याचा जुना विधी 1970 मध्ये पुन्हा सुरू झाला. मी यातलं काही घेतलेलं नाही. सकाळची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, मग बँकेतली नोकरी, संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचं गणित, एवढंच माझं व्रत. धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही आमच्यासारख्यांवर एक परिच्छेद आहे. पण प्रवचनात तो मी आजवर ऐकलेला नाही.

आमच्या चर्चच्या कुटुंबदिनाला ‘सगळ्या जोडप्यांनी पुढे यावं’ असं पुकारलं. जोडपी आशीर्वादाला वेदीपाशी गेली. माझ्या मांडीवर सात पर्सेस, दोन हेल्मेट आणि एक दुधाची बाटली. बाटलीचं झाकण सैल होतं, नव्या साडीवर डाग पडला तो अजून निघाला नाही. ‘तू मोकळीच आहेस ना’ हे वाक्य मी चर्चमध्ये जितक्यांदा ऐकलं तितकं बँकेतही नाही. हार करायला मी, कुणाच्या दवाखान्यात रात्रपाळीला मी, दहावीच्या पोरांना परीक्षा केंद्रावर सोडायलाही मीच. कामाला ना नाही. पण देवाने मला इथे ठेवलंय म्हणून मी करते. वेळ जात नाही म्हणून नव्हे. एवढा फरक कुणी ओळखला तरी पुष्कळ.

आणि शेजारीपाजारी तरी काय वेगळं बोलतात? ‘ताई, म्हातारपणी कोण?’ हे विचारणाऱ्या आमच्या शेजीबाई दर आषाढीच्या आधी मुक्ताईनगरला पालखीच्या दर्शनाला जातात. मुक्ताईचं कुठं लग्न झालं होतं? चारी भावंडं तशीच. अमळनेरला शिकवणारे साने गुरुजीही अविवाहितच, आणि ते अख्ख्या खान्देशाला आईच्या जागी. मी मुक्ताईच्या पायाच्या धुळीचीही नाही, पण पालखीतल्या मुक्ताईला हात जोडायचे आणि शेजारच्या बाईला ‘बिचारी’ म्हणायचं, हे मला उलगडत नाही. म्हातारपणाची भीती मलाही वाटते, नाही कशाला म्हणू? दवाखान्याच्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यापाशी पेन थांबतंच. तिथे मी भाचीचं नाव लिहिते. तिला अजून सांगितलेलं नाही.

पाश्चा सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, उत्तम मेंढपाळाच्या रविवारी आमच्याकडे पाचारणांसाठी प्रार्थना होते. 1964 पासूनची ही प्रथा. धर्मगुरूंसाठी होते, सिस्टरांसाठी होते, हल्ली विवाहितांसाठीही होते. नाशिक धर्मप्रांतातल्या आमच्या फादरांच्या नजरेस हे पत्र पडलं, तर विनंती एवढीच : पुढच्या वर्षी त्या प्रार्थनांत आमच्यासाठी एक ओळ घालावी. ‘जोडीदार मिळो’ अशी मात्र नको.

आपली,
एक वाचक, भुसावळ
(नाव छापू नये ही विनंती)