वाटीभर नाश्त्यात चार चमचे साखर

महोदय,
माझा सहा वर्षांचा नातू रोज सकाळी चॉकलेटचे गोळे दुधात घालून खायचा. खोक्यावर 'लोहयुक्त' असं ठळक लिहिलेलं. साखरेचा आकडा मात्र मागे, भिंग घेऊन वाचावा लागला: १०० ग्रॅममागे २८ ग्रॅम. एका वेळचं प्रमाण म्हणे ३० ग्रॅम. मी त्याची वाटी वजनकाट्यावर ठेवली, तर गोळेच ६० ग्रॅम भरले. म्हणजे जवळजवळ १७ ग्रॅम, चहाचे चार चमचे साखर, शाळेची रिक्षा यायच्या आधीच! जागतिक आरोग्य संघटना अशी साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगते.

खोकं मी फेकलं नाही. सुनेची सकाळची धावपळ मला दिसते. आता रविवारी मूठभर गोळे, एरवी नाचणीची आंबील नाहीतर दाणे घातलेले पोहे. चार दिवस रडारड झाली. आता आंबिलीत ताक जास्त घाल, असं तोच सांगतो.

सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. तसाच वाटीभर गोळ्यांतल्या साखरेचा आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरांत छापणं सरकारने सक्तीचं करावं.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, मिरज